अंगणातल्या मातीची खतावणी

आमच्या लातूरच्या घरापुढे दोन हजार चौरस फुटांची मोकळी जागा आहे. बाजारपेठेच्या हिशेबाने पाहिले तर तेथे चार गाळे सहज उभे राहिले असते, आणि तसे सुचविणारे हितचिंतकही कमी नव्हते. परंतु अण्णांनी ती जागा कधी बांधू दिली नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपाने सारा जिल्हा हादरला. त्यानंतर कित्येक रात्री लातूरकरांनी उघड्यावर काढल्या. आमचे कुटुंब आणि शेजारची तीन कुटुंबे याच अंगणात सतरंज्या टाकून झोपली. "भिंतींवर विश्वास उरला नव्हता, तेव्हा या जमिनीने आपल्याला सांभाळले," असे अण्णा आजही म्हणतात. पुढे त्यांनी तेथे हिरवळ लावली, आणि दुकानातून आल्यावर अर्धा तास तिच्या कडेला बसण्याचा त्यांचा नेम झाला.

ही हिरवळ गेल्या काही वर्षांत पिवळी पडत चालली होती. माळीमामा आले की एकच प्रश्न विचारीत, "शेठजी, युरिया टाकू का?" आम्हीही मान हलवीत असू. युरिया पडला की आठवडाभर रंग चढे, पंधरा दिवसांत पुन्हा पिवळेपणा येई. मग पाणी वाढविले. मग रोपवाटिकेतून एक मिश्रखत आणले. मग कोणी तरी कीटकनाशक सुचविले. धाकटा बंधू वैतागून म्हणाला, "अण्णा, हा खर्च बुडीत खाती टाका. पेव्हर ब्लॉक बसवू, दोन गाड्याही उभ्या राहतील." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे आम्हा दोघांनाही कळले.

हा लेख त्या पिवळ्या हिरवळीविषयी आहे. परंतु मुख्यतः तो एका चुकीविषयी आहे, जी आपल्यासारख्या व्यापारी माणसाने करू नये आणि तरी आपण घरोघरी करीत असतो. आडत दुकानात पोत्यातला माल मुठीत घेतल्याशिवाय आपण भाव बोलत नाही. सोयाबीन आले की आधी ओलावा मोजतो. बारा टक्क्यांच्या वर गेला की भावातून कपात करतो. आणि स्वतःच्या अंगणात मात्र माती न तपासता वर्षानुवर्षे खताचा पैसा ओतत राहतो.

शेतकऱ्याने ओळखलेला रोग

आमचे डोळे उघडले ते एका शेतकऱ्यामुळे. सोयाबीनची पट्टी घेण्यासाठी एक जुने पाटील घरी आले होते. चहा होईपर्यंत ते हिरवळीशी वाकले, एक पाते तोडून उन्हात धरले आणि हसले. "शेठ, ही तर हरळी. आम्ही हिला शेतातून काढता काढता थकतो आणि तुम्ही पैसे देऊन लावता!" मग पाते पुढे करून म्हणाले, "पण हे बघा. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या. जुनी पानं बरी आहेत. चुनखडीच्या रानात आमचं सोयाबीन असंच पिवळं पडतं. हिला भूक नाही शेठ, हिला लोह मिळत नाही. माती तपासा."

पाटलांनी सांगितलेली खूण कृषिशास्त्रात मान्य आहे. नत्र कमी पडले तर पिवळेपणा आधी जुन्या, खालच्या पानांवर येतो, कारण वनस्पती तेथील नत्र काढून नव्या पानांना देते. लोह मात्र जुन्या पानांतून हलत नाही. म्हणून त्याची उणीव प्रथम कोवळ्या पानांवर दिसते. दोन्ही ठिकाणी रंग पिवळाच, पण कारण निराळे. आम्ही इतकी वर्षे लोहाच्या दुखण्यावर नत्राचे औषध देत होतो.

पाटलांच्या घरी मृद आरोग्य पत्रिका होती. केंद्र सरकारने ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथून सुरू केली. तिच्यात मातीचे १२ घटक तपासले जातात : सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक, तसेच जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. योजना शेतासाठी असली तरी मृद चाचणी प्रयोगशाळेत शुल्क भरून बागेचा नमुनाही तपासून घेता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाची मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळा असते. कृषी विज्ञान केंद्रे आणि १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या, आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या संस्था यांच्याकडेही चौकशी करावी. नमुन्यासोबतच्या कागदावर पिकाच्या रकान्यात ‘हिरवळ’ असे स्पष्ट लिहावे. नाही तर शिफारस सोयाबीनची किंवा हरभऱ्याची येईल.

नमुना घेण्याची रीत

अहवाल कितीही चांगल्या प्रयोगशाळेचा असो, नमुना खोटा असेल तर अहवालही खोटाच. म्हणून या कामी घाई करू नये.

हिरवळीवर नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे निवडावीत. भिंतीलगतची, झाडाखालची आणि खताच्या खड्ड्याजवळची जागा सोडून द्यावी. शहरातील घरांत एक विशेष दक्षता हवी : बांधकामाच्या वेळी पडलेला चुना, सिमेंट आणि मुरूम कोठे गाडला आहे हे आठवून ती जागा टाळावी, किंवा तिचा नमुना वेगळा घ्यावा. वरचे गवत व कचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यावा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने काढावी. शेतासाठी खोली वीतभर असते; हिरवळीच्या मुळांसाठी १० ते १५ सेंटीमीटर पुरते. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असल्याने गंजलेले खुरपे वा जस्ताचा मुलामा दिलेले भांडे वापरू नये; प्लॅस्टिकचे घमेले उत्तम.

सर्व माती एकत्र मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकावेत, आणि असे करीत अर्धा किलो माती उरवावी. ती सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. खत टाकल्यानंतर किमान तीन महिने नमुना घेऊ नये.

काळाविषयी आपल्या घरांत एक सोय आपोआप साधते. चातुर्मासात माती खणणे आणि हिरव्या गवतावर पाय देणे अनेक कुटुंबे टाळतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर, पावसाचा ओलावा ओसरला की नमुना घ्यावा. दिवाळीला वह्यांचे पूजन होते. त्यानंतर महिन्याभरात मातीचीही वही उघडावी. ५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन याच सुमारास येतो.

दोन घरे, एक रंग, दोन अहवाल

त्याच सुमारास नांदेडला दिलेल्या आमच्या ताईनेही फोनवर सांगितले की, तिच्या बंगल्यापुढील हिरवळ पिवळी पडून मध्ये मध्ये मरते आहे. तिलाही युरियाचाच सल्ला मिळाला होता. आम्ही दोन्ही घरांचे नमुने तपासून घेतले. अहवाल समोरासमोर ठेवले तेव्हा लक्षात आले की रंग एक असला तरी खाती दोन आहेत.

लातूरच्या मातीचा सामू ८.३ निघाला. विद्युत वाहकता ०.३४, म्हणजे क्षारांची अडचण नाही. मुक्त चुना ८ टक्के. सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्के, मध्यमाच्या उंबरठ्यावर. उपलब्ध नत्र हेक्टरी १७६ किलो, म्हणजे कमी, स्फुरदही कमी. पालाश मात्र हेक्टरी ५२० किलो. ३०० च्या वर गेला की तो अत्यंत जास्त समजतात. लोह २.९ पीपीएम, जे ४.५ च्या खाली असता उणीव धरतात, जस्त ०.५, ज्याची मर्यादा ०.६ आहे.

हा अहवाल मराठवाड्याच्या मातीचे जणू ओळखपत्रच आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली ही काळी माती फुगते, आकसते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पालाश बहुधा विपुल, आणि चुनाही असतो. चुन्यामुळे मातीत असलेले लोह मुळांना मिळेल अशा रूपात राहत नाही. तिजोरीत रक्कम आहे, पण किल्ली हरवली आहे, अशी ती स्थिती. वरून अधिक पाणी दिले की मातीतील हवा कोंडते आणि चुन्याचा हा दोष आणखी बळावतो. आम्ही पाणी वाढवून रोगच पोसत होतो. आणि जे मिश्रखत आणले होते, त्याच्या किमतीचा मोठा भाग पालाशाचा होता. जो माल गोदामात ओसंडून वाहतो आहे, तोच आम्ही पुन्हा विकत घेत होतो.

नांदेडचा अहवाल निराळा. लोह ५.१, म्हणजे पुरेसे. परंतु सामू ८.८ आणि विद्युत वाहकता १.४. सामू साडेआठच्या वर गेला की सोडियमची शंका घ्यावी लागते. प्रयोगशाळेच्या सूचनेवरून विनिमययुक्त सोडियम तपासले. ते १७ टक्के निघाले. १५ च्या वर ती माती चोपण समजतात. मग कूपनलिकेचे पाणी तपासले आणि मूळ तेथे सापडले : पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेटचे प्रमाण जास्त होते. रोज दिलेले पाणीच रोज थोडे मीठ जमा करीत होते. सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही, वर पांढरी पापुद्री धरते. ताईच्या हिरवळीवर ती पापुद्री होती. तिला आम्ही सारे खताचा अंश समजत होतो.

म्हणून कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्यांनी मातीबरोबर पाण्याची एक बाटलीही प्रयोगशाळेत द्यावी.

हेक्टरचा हिशेब अंगणात

अहवालातील शिफारस हेक्टरी किलोत असते. अंगण चौरस फुटांत. एक हेक्टर म्हणजे सुमारे १,०७,६०० चौरस फूट. त्यामुळे हेक्टरी १०० किलो म्हणजे हजार चौरस फुटांना ९३० ग्रॅम. एवढे एक त्रैराशिक लक्षात ठेवले की पुरे.

लातूरच्या हिरवळीसाठी, हजार चौरस फुटांचा हिशेब असा बसला. युरियाऐवजी अमोनियम सल्फेट, एका वेळी १ किलो, पावसाळ्यात महिन्याच्या अंतराने तीनदा. त्यात सुमारे २० टक्के नत्र असते, गंधकही मिळते, आणि चुनखडीच्या मातीत ते युरियापेक्षा मानवते. युरिया अशा मातीवर नुसता फेकून पाणी न दिल्यास त्यातील नत्राचा बराच भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो. स्फुरदासाठी ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, चाळलेल्या कंपोस्टमध्ये मिसळून. जस्तासाठी हेक्टरी २५ किलोच्या हिशेबाने २३० ग्रॅम झिंक सल्फेट. परंतु ते सुपर फॉस्फेटसोबत नव्हे, पंधरा दिवसांच्या अंतराने, कारण दोन्ही एकत्र आले की जस्त अडकते. पालाश शून्य.

लोह मातीत टाकण्यात अर्थ नव्हता. ते तेथे पुन्हा कुलूपबंद झाले असते. म्हणून पानांवर फवारणी केली : १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे आपल्या जुन्या बाजारातील हिराकस, आणि १० ग्रॅम लिंबूसत्त्व. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. फरशीवर थेंब पडला तर तांबडा डाग जाता जात नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. बाजारात चिलेटेड लोहही मिळते. घेताना आवरणावरचे नाव वाचावे. ईडीटीए प्रकारचे लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही. तेथे ईडीडीएचए प्रकार लागतो, आणि तो महाग असतो.

कोणी म्हणेल, सामूच कमी का करू नये? आम्हीही विचारले. हजार चौरस फुटांची १५ सेंटीमीटर खोल माती सुमारे १८ टन भरते. तिच्यात ८ टक्के चुना म्हणजे जवळजवळ १,४५० किलो. तो निष्प्रभ करण्यास साडेचारशे किलोंहून अधिक गंधक लागेल. हा सौदा कोणीही शहाणा माणूस करणार नाही. जमिनीचा स्वभाव बदलण्यापेक्षा तो ओळखून वागावे, हेच किफायतीचे. हरळीची निवड त्या दृष्टीने योग्य ठरते. चुना, क्षार आणि अवर्षण ती पुष्कळ सोसते.

नांदेडला उपाय जिप्समचा. प्रयोगशाळेने मातीची गरज काढून हेक्टरी अडीच टन सुचविले. हजार चौरस फुटांना २३ किलो. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जावा लागतो. म्हणून ताईने आधी काट्याने हिरवळीत खोल छिद्रे पाडून घेतली, त्यांत कंपोस्ट भरले, आणि जिप्सम मृगाच्या तोंडावर टाकले, जेणेकरून पावसाचे गोड पाणी ते काम करील. निचरा नसेल तर जिप्समही वाया जाते.

दोन्ही घरांत एक उपाय मात्र समान होता : सेंद्रिय कर्ब वाढविणे. वर्षातून एकदा अर्धा सेंटीमीटर चाळलेल्या कंपोस्टचा थर, आणि कापलेले गवत गोळा न करता जागीच पसरू देणे. एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये.

पाण्याची बाकी

हा सारा हिशेब झाल्यावर अण्णांनी एक प्रश्न विचारला, जो आमच्या कोणाच्या मनात आला नव्हता. "आणि पाणी किती लागते?"

हजार चौरस फुटांवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे ९३ लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवी राहण्यासाठी हिरवळीला दिवसाला चार-पाच मिलीमीटर लागते. म्हणजे रोज ४०० लिटरांच्या आसपास. आमच्या दोन हजार फुटांना आठशे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा लातूरला काय दिवस होते, हे येथील प्रत्येक घराला आठवते. अण्णा म्हणाले, "माझ्या अर्ध्या तासाच्या बैठकीसाठी आठशे लिटर रोज? हे परिग्रहातच मोडते."

आम्हाला वाटले, आता हिरवळ गेली. परंतु त्यांनी मार्ग काढला. अर्धी हिरवळ ठेवायची. उरलेल्या जागेत कडुनिंब, कण्हेर आणि बहावा, म्हणजे एकदा रुजल्यावर थोड्या पाण्यावर तगणारी झाडे. आणि चैत्र-वैशाखात हिरवळीला हिरवी राहण्याचा आग्रह करायचा नाही. हरळी पाण्याविना वरून वाळते, पण तिच्या जमिनीतील कांड्या जिवंत राहतात. मृगाचा पाऊस पडला की ती पुन्हा फुटते. एरवीही रोज थोडे थोडे शिंपण्याऐवजी चार-पाच दिवसांनी एकदा, मुळांपर्यंत मुरेल असे पाणी द्यायचे. काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यावर तेवढा विश्वास टाकता येतो.

अहिंसेच्या दृष्टीनेही या चाचणीचा मला उपयोग झाला. अर्धा किलो माती घ्यावी लागली, हे खरे. परंतु तिच्यामुळे जे कीटकनाशक आणून ठेवले होते, ते न फोडता परत केले. रोग किडीचा नव्हताच. गांडुळांनी आणि मातीतील असंख्य जीवांनी आमच्या अज्ञानाचे मोल चुकविले असते. अज्ञानातून होणारी हिंसा टाळणे हाही विवेकच.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या फवारणीनंतर नवी पाती हिरवी निघाली. सगळीकडे नाही, भिंतीलगत, जेथे बांधकामाचा चुना गाडला गेला आहे, तेथे पट्टा अजून फिकाच आहे. नांदेडची माती सुधारायला आणखी दोन-तीन पावसाळे लागतील, असे प्रयोगशाळेत सांगितले. चाचणी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करायची, आणि ती शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, कारण मोजण्याची पद्धत बदलली की आकड्यांची तुलना होत नाही. दोन्ही अहवाल मी दुकानाच्या कपाटात जुन्या वह्यांशेजारी ठेवले आहेत.

बंधूने पेव्हर ब्लॉकचा विषय पुन्हा काढला नाही. मागच्या वैशाखात हिरवळ वाळून पिवळीधमक झाली होती, तेव्हा एका पाहुण्यांनी विचारले, "अण्णा, हे सारे मेले की काय?" अण्णा खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाले, "नाही. उपवासाला बसले आहे. पाऊस आला की पारणे होईल."

वाचकहो, आपल्याही अंगणात असा एखादा तुकडा असेल, कोणाच्या तरी हातचा, कोणाच्या तरी आठवणीचा. त्यावर पुढचे खत टाकण्यापूर्वी एकदा तरी त्याची खतावणी तपासून पाहा.